गर्भाशयमुख कर्करोग : तपासणीनंतरची काळजी

भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण आहे. केंद्र शासनाच्या २०१६ च्या आराखड्यात ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी अपेक्षित आहे. प्रत्यक्षात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के स्त्रियांनी ती कधीतरी करून घेतली होती. या आकड्याची चर्चा पुष्कळ होते. तपासणीनंतर काय, याची मात्र क्वचितच.

आराखड्यातील 'व्हीआयए' पद्धतीत गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल लावून मिनिटभराने निरीक्षण करतात. त्यानंतर थोडी जळजळ होते, ती लवकरच शमते. पॅप चाचणीनंतर एक-दोन दिवस किरकोळ रक्तस्राव होऊ शकतो. दोन्हींनंतर नित्याची कामे करता येतात.

निष्कर्ष 'पॉझिटिव्ह' आला म्हणजे कर्करोग झाला, असे नव्हे. विषाणूच्या दीर्घ संसर्गातून पेशींत होणारे बदल कर्करोगाचे रूप घेण्यास सहसा अनेक वर्षे लागतात आणि त्या अवधीतच उपचार सोपे असतात. ही गोष्ट नीट न सांगितल्यास घाबरलेली स्त्री पुन्हा केंद्राकडे फिरकत नाही.

शीतोपचाराने (क्रायोथेरपी) दोषयुक्त भाग गोठवल्यास सुमारे चार आठवडे पाण्यासारखा स्राव होतो. या काळात स्वच्छ घडी वापरावी, योनीमार्ग आतून धुऊ नये आणि शरीरसंबंध टाळावा. ते अशक्य असल्यास निरोध वापरावा. ही शेवटची सूचना एकट्या स्त्रीला देऊन भागत नाही. तिच्या संमतीने पतीलाही समुपदेशनात बसवणे आवश्यक आहे, अन्यथा ती कागदावरच राहते. ताप, ओटीपोटात तीव्र वेदना, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा गाठींसह रक्तस्राव झाल्यास विनाविलंब केंद्रात जावे. जखम भरून आली तरी वर्षभराने फेरतपासणी करावीच लागते.

तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात सुमारे १.३१ लाख स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. परीक्षार्थींनी येथे एक बाब ध्यानात घ्यावी : या गटातील दोष आढळलेल्या स्त्रियांना पुढील निदान व उपचारही उपलब्ध करून दिले होते.