संगणकातील शोधसूची आणि उष्णतेचा प्रश्न

संगणकावर कोणी काम करीत नसते, पडद्यावर एकही कागदपत्र उघडलेले नसते, तरीही आतील पंखा जोराने फिरत असतो आणि यंत्राचा तळ हाताला चटका बसावा इतका तापलेला असतो, असा अनुभव पुष्कळांना येतो. यंत्र स्वस्थ दिसते, परंतु ते स्वस्थ नसते. उष्णता ही आत काही काम चालू असल्याची खूण आहे. हे काम कोणते, ते कशासाठी चालले आहे आणि ते थांबविणे हिताचे आहे काय, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून कोणतीही कळ दाबणे योग्य नव्हे. वापरणाऱ्याच्या नजरेआड चालणाऱ्या अशा कामांपैकी एक म्हणजे शोधसूची तयार करण्याचे काम होय.

सूची कशासाठी?

मोठ्या ग्रंथसंग्रहात हवी ती ओळ शोधण्याची अडचण फार जुनी आहे. ऋग्वेदात १,०२८ सूक्ते आहेत. कात्यायनाच्या नावावर असलेल्या सर्वानुक्रमणीत प्रत्येक सूक्ताचे आरंभीचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद यांची नोंद केलेली आहे. पुढे १९०६ मध्ये मॉरिस ब्लूमफील्ड या विद्वानाने वैदिक वाङ्मयातील मंत्रांच्या चरणांची प्रचंड सूची प्रसिद्ध केली. अशा सूचीचे मर्म एकच आहे : कोणीतरी एकदा सर्व श्रम करून ठेवतो, म्हणून पुढे प्रत्येक वाचकाचे श्रम वाचतात.

संगणकही हेच करतो. सूची नसेल तर एखादा शब्द शोधताना त्याला एकेक फाइल उघडून पाहावी लागते. सूची असेल तर शब्दापुढे तो ज्या ज्या फाइलींत आला आहे त्यांची यादी तयार असते आणि उत्तर क्षणार्धात मिळते. मात्र छापील ग्रंथ आणि संगणक यांत एक महत्त्वाचा भेद आहे. ग्रंथ छापून झाला की बदलत नाही, त्यामुळे त्याची सूची कधीतरी पूर्ण होते. संगणकातील फाइली रोज बदलतात, वाढतात, पुसल्या जातात. म्हणून त्याची सूची कायमची अशी कधीच पूर्ण होत नाही.

ॲपल कंपनीने एप्रिल २००५ मध्ये आपल्या ‘टायगर’ या प्रणालीबरोबर ‘स्पॉटलाइट’ ही शोधव्यवस्था आणली. मायक्रोसॉफ्टची ‘व्हिस्टा’ ही प्रणाली जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांना उपलब्ध झाली, तेव्हा तिच्यात सूचीकरण आरंभापासूनच चालू ठेवलेले होते. वापरणारा कळफलकावर काम करीत असताना सूचीकरणाने आपला वेग आवरावा आणि यंत्र मोकळे होताच तो वाढवावा, असा विंडोजमधील नियम आहे. नेमक्या रिकाम्या वेळी यंत्र तापते, याचे एक कारण येथे सापडते.

उष्णता कोठून येते?

प्रोसेसरमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. त्यांची स्थिती बदलताना सूक्ष्म विद्युत्भार साठतो आणि सुटतो. त्यासाठी लागणारी ऊर्जा अखेरीस उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. या क्रियेत खर्च होणारी शक्ती विद्युत्दाबाच्या वर्गाच्या आणि वारंवारतेच्या प्रमाणात वाढते. दाब आणि वारंवारता प्रत्येकी २० टक्क्यांनी वाढविली, तर शक्तीचा हा खर्च १.२ × १.२ × १.२, म्हणजे सुमारे १.७३ पट होतो. आधुनिक प्रोसेसर काम समोर येताच दाब व वारंवारता आपण होऊन वाढवितो. म्हणूनच किरकोळ वाटणारे कामही यंत्र लवकर तापवू शकते.

आता खोलीच्या तपमानाचा विचार करू. यंत्रातून बाहेर जाणारी उष्णता ही आतील आणि बाहेरील तपमानांच्या फरकावर अवलंबून असते. पुष्कळशा प्रोसेसरांची तपमानमर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. खोलीचे तपमान २५ अंश असेल तर फरक ७५ अंशांचा होतो. राजस्थानात किंवा विदर्भात उन्हाळ्यात ते ४५ अंशांवर गेले तर फरक केवळ ५५ अंशांचा उरतो. समजा, पहिल्या स्थितीत एखादा प्रोसेसर मर्यादेला पोचेपर्यंत १५ वॅट उष्णता बाहेर टाकू शकतो. मग तोच पंखा आणि तेच धातूचे पंख असताना दुसऱ्या स्थितीत तो फक्त ११ वॅट टाकू शकेल. हिवाळ्यात सहज पेलणारे काम वैशाखात जड होते, ते यामुळे.

मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठी वेग कमी करतो. तरीही तपमान वाढत राहिले तर यंत्र बंद पडते. त्यामुळे तो एकाएकी जळून जाण्याचा धोका थोडा असतो. तथापि सतत उष्णतेत राहिल्याने लिथियम-आयन बॅटरी लवकर जुनी होते आणि मंदावलेल्या यंत्रावर काम रेंगाळते, हा तोटा खराच आहे.

आधी निदान

सूचीकरणावर ठपका ठेवण्यापूर्वी पुरावा पाहावा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. ‘मायक्रोसॉफ्ट विंडोज सर्च इंडेक्सर’ या नावापुढे प्रोसेसरचा वापर दीर्घकाळ मोठा दिसत असेल, तरच पुढचे उपाय उपयोगी पडतील. दुसरेच एखादे नाव वर असेल तर सूची बंद करून काहीही साधणार नाही.

नव्या यंत्रावर किंवा हजारो फाइली नव्याने आणल्यावर सूचीकरण काही काळ जोरात चालणे स्वाभाविक आहे. अनेक दिवस लोटले तरी ते शांत होत नसेल, तर दोन शक्यता तपासाव्यात. एखाद्या फोल्डरमधील फाइली सतत बदलत असतील, किंवा सूचीच बिघडलेली असेल.

तीन पायऱ्यांचे उपाय

पहिली पायरी धीराची आहे. यंत्र कठीण, सपाट पृष्ठभागावर ठेवून, हवेची छिद्रे मोकळी राखून आणि वीजपुरवठा जोडून एक रात्र चालू ठेवावे. आरंभीचे सूचीकरण बहुधा तेवढ्यात आटोपते.

दुसरी पायरी मर्यादा घालण्याची आहे. कंट्रोल पॅनेलमधील ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ उघडून ‘मॉडिफाय’ या बटणाने शोधाची गरज नसलेली फोल्डरे वगळावीत. सूची बिघडल्याचा संशय असल्यास ‘ॲडव्हान्स्ड’मधील ‘रिबिल्ड’ने ती नव्याने रचून घ्यावी. ॲपलच्या संगणकात स्पॉटलाइटच्या मांडणीतून अशीच फोल्डरे वगळता येतात.

तिसरी पायरी संपूर्ण बंद करण्याची आहे. विंडोजमध्ये ‘सर्व्हिसेस’ ही खिडकी उघडून ‘विंडोज सर्च’ या नावावर दोनदा टिचकी मारावी. ‘स्टार्टअप टाइप’मध्ये ‘डिसेबल्ड’ निवडावे आणि ‘स्टॉप’ दाबून बदल मान्य करावा. पूर्वीची निवड कोणती होती, ती आधी कागदावर टिपून ठेवावी. पुढे व्यवस्था पूर्ववत करताना तीच लागते.

बंद करण्याचे मोल

सूची बंद केली तरी शोध घेता येतो, पण तो संथ होतो. फाइलीच्या मजकुरातील शब्द शोधताना तर प्रत्येक वेळी सगळा संग्रह नव्याने वाचावा लागतो. आउटलुकसारख्या काही कार्यक्रमांतील पत्रांचा शोधही अपुरा पडू शकतो. म्हणजे श्रम नाहीसे होत नाहीत. ते आधीचे नंतर होतात आणि कित्येकदा वाढतात. दिवसातून दहा वेळा शोध घेणाऱ्या कचेरीत सूची बंद करणे म्हणजे तेच काम दहा वेळा करणे होय. उलट, ज्याला आपल्या फाइली कोठे आहेत हे पाठ आहे आणि शोधाची गरज क्वचितच पडते, त्याच्या जुन्या, लवकर तापणाऱ्या यंत्राला ही विश्रांती लाभदायक ठरते.

सूची बंद केल्यावर टास्क मॅनेजर पुन्हा पाहावा आणि आठवडाभर पंख्याकडे लक्ष ठेवावे. काहीच फरक पडला नाही तर सूची पूर्ववत चालू करावी आणि पंख्यात साचलेली धूळ काढण्याची व्यवस्था करावी. जी उष्णता बाहेर जाण्याची वाटच बुजल्यामुळे आत कोंडली आहे, ती केवळ सूची थांबविल्याने हटणार नाही.