इंजिनातली पात

आमच्या जुन्नर तालुक्यात टोमॅटो आणि द्राक्षे होतात. शेजारी आंबेगावात बटाटा होतो. या पिकांवर औषध मारायला पाठीवरचा पेट्रोलचा पंप वापरतात. आमच्याकडेही एक आहे.

यंदा पावसाळ्यात आमच्या टोमॅटोच्या पानांवर करप्याचे ठिपके दिसू लागले आणि नेमका त्याच दिवशी पंप बंद पडला. अण्णांनी दोरी ओढून ओढून पाहिली. पंप नुसता फुरफुर करी आणि कार्बोरेटरमधून पेट्रोलचे शिंतोडे मागे उडत. अण्णा म्हणाले, "आज फवारा नाय बसला तर माल गेला."

मग आम्ही पंप घेऊन नारायणगावला मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी इंजिन खोलले आणि मला एक लहानशी पात दाखवली. ती बोटाच्या पेराएवढी आणि वहीच्या पुठ्ठ्याहून पातळ होती. तिचा एक कोपरा तुटला होता. मी विचारले, "काका, एवढ्याशा कोपऱ्यानं काय होतं?" तेव्हा त्यांनी जे सांगितले तेच मी इथे लिहिते.

या इंजिनाला टू-स्ट्रोक म्हणतात. त्यात दट्ट्या वर-खाली होतो. दट्ट्याच्या खाली एक बंद खोली असते. पात हे त्या खोलीचे दार आहे. दट्ट्या वर गेला की खोलीतला दाब कमी होतो. मग बाहेरची हवा पेट्रोलसकट पातीला ढकलून आत येते. दट्ट्या खाली आला की आतली हवा दाबली जाते आणि तीच पातीला दाबून दार बंद करते. मग तिला एकच वाट उरते, ती म्हणजे बाजूच्या बोळातून दट्ट्याच्या वर. दट्ट्या पुन्हा वर जाऊन तिला दाबतो, ठिणगी पडते, भडका होतो आणि दट्ट्या जोरात खाली येतो. पातीला कोणी हात लावत नाही. हवाच तिला उघडते आणि हवाच मिटते.

विहिरीत पाइपाच्या टोकाला फुटबॉल असतो. तो पाणी वर जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. पातीचे काम तसेच आहे. आमच्या पातीचा कोपरा तुटल्याने दार नीट लागत नव्हते. म्हणून पेट्रोल मागे उडत होते.

मी गणित केले. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर ६००० ÷ ६० = १००. म्हणजे पात एका सेकंदात १०० वेळा उघडते आणि १०० वेळा मिटते!

सगळ्याच टू-स्ट्रोक इंजिनांत पात नसते. काहींत दट्ट्याच भोक उघडतो आणि झाकतो. आपल्या देशात १९८५ ते १९९६ या काळात यामाहा आरएक्स १०० ही मोटारसायकल बनत होती. तिच्यात मात्र पात होती.

काकांनी तुटलेला तुकडा आतून शोधून काढला. तो आत राहिला असता तर दट्ट्याला ओरखडे पडले असते. नवी पात बसवली आणि दुसऱ्याच ओढीला पंप सुरू झाला! संध्याकाळी फवारा बसला. खालची पाने गेली, पण झाडे वाचली.

मित्रांनो, कागदाचा कपटा ओठांवर धरा. श्वास आत ओढला की तो चिकटतो, फुंकले की उघडतो. हीच आपली पात. घरी करून बघा आणि पंप मागे शिंतोडे उडवू लागला तर घरच्यांना म्हणा, "आधी पात बघा."

— इयत्ता चौथी