जॉब कार्डावरचे शब्द : ट्रकमधील दोष आणि मालकाची जबाबदारी

ट्रकमध्ये उद्भवणाऱ्या बिघाडांचे तीन प्रकार मनाशी पक्के केले, तर मालकाच्या बऱ्याच अडचणींचा उलगडा होतो. ब्रेकचे लाइनर, टायर, क्लचप्लेट हे भाग वापराने संपतात, ती झीज होय. क्षमतेबाहेर माल भरणे, स्प्रिंगचा जादा पाटा बसवणे, मूळ वायरिंगला जोड देऊन हॉर्न व दिवे वाढवणे यांतून जे होते, तो मालकाने ओढवून घेतलेला बिघाड होय. आणि एखाद्या भागाची रचना, घडण किंवा बसवण्याची जागाच अशी असते की, नियमाप्रमाणे वापर करूनही तो भाग निकामी होतो, तो खऱ्या अर्थाने दोष होय. पहिल्या दोहोंचा भार मालकाने उचलायचा असतो, तिसऱ्याचा उत्पादकाने. व्यवहारात मात्र हे तिन्ही प्रकार एकमेकांत मिसळून जातात आणि दोषाचा खर्च झिजेच्या नावाने मालकाच्या खात्यात पडतो, कारण बिघाड नेमका कोणत्या प्रकारचा होता हे सांगणारा कागद बहुधा कोणाकडेच नसतो.

हैदराबादच्या मालवाहतुकीत ही अडचण अधिक ठळकपणे दिसते. पुण्याहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ६५ सोलापूर, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी आणि पटानचेरू असा या शहरात येतो, नागपूरकडून महामार्ग ४४ येतो, आणि १५८ किलोमीटरचा बाह्य वर्तुळाकार रस्ता या वाहतुकीला शहराभोवती फिरवतो. या रस्त्यांवर एक-दोन ट्रकांवर संसार चालवणारे जे मालक व चालक दिसतात, त्यांत उमरगा, उदगीर, देगलूर, नांदेड या भागांतली मराठी माणसे पुष्कळ आहेत. चालक आपली तक्रार मालकाला मराठीत सांगतो, मालक ती सेवा केंद्रात दख्खनी हिंदीत मांडतो, तिथला सल्लागार मेकॅनिकशी तेलुगूत बोलतो आणि जॉब कार्ड, म्हणजे दुरुस्तीसाठी वाहन ताब्यात घेताना तक्रारी नोंदवण्याचा कागद, इंग्रजीत भरले जाते. चार भाषांच्या या प्रवासात तक्रारीतला नेमकेपणा गळून पडतो आणि ‘ब्रेक तपासणे’ एवढे दोनच शब्द कागदावर उरतात.

प्रस्तुत लेखकाने या दोन शब्दांची किंमत मोजली आहे. त्याच्या दहा चाकी ट्रकवरच्या उमरग्याच्या चालकाने पहिल्या वर्षातच सांगितले होते, ‘मालक, वळणावर ब्रेक दाबला की फुस्स आवाज येतो आणि सुई खाली येते.’ ही सुई हवेच्या दाबाची होती. जड वाहनाचा ब्रेक दाबाखालच्या हवेने चालतो. टाकीत साधारण ८ बार दाबाने साठवलेली हवा ब्रेकचे पेडल दाबताच रबरी होज पाइपातून चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये, म्हणजे बशीच्या आकाराच्या डबीत, शिरते आणि तिथला पडदा ढकलून ब्रेक लावते. सेवा केंद्रात दोनदा ट्रक दाखवला गेला. एकदा ‘ठीक आहे’ असे उत्तर मिळाले, दुसऱ्यांदा होज पाइप बदलून त्याचे पैसे घेतले गेले, आणि जुना पाइप कोठे गेला याची विचारपूस लेखकाने केली नाही.

तिसऱ्या वेळी लातूरची तूरडाळ घेऊन हैदराबादकडे येताना, जहीराबाद ओलांडल्यावर, एका वळणावर पुढच्या डाव्या चाकाचा तोच पाइप फुटला आणि दाब घसरल्याचा इशारा देणारा बझर वाजू लागला. जड वाहनात हवेचे मार्ग दोन असतात आणि एकाला गळती लागली तरी दुसरा काही काळ दाब धरून ठेवतो. मागच्या चाकांचा मार्ग शाबूत होता आणि चालकाने वेग आधीच कमी केला होता, म्हणून ट्रक रस्त्याच्या कडेला थांबला व कोणाला इजा झाली नाही. फुटलेला पाइप या वेळी मालकाने स्वतः उतरवून ठेवला, तेव्हा त्याच्या बाहेरच्या अंगावर बोटभर लांबीचा, घासून गुळगुळीत झालेला एक पट्टा दिसला आणि त्या पट्ट्याच्या मधोमध रबराखालचे विणलेले दोरे उघडे पडलेले होते.

हा पट्टा सेवा केंद्रात दोनदा कसा दिसला नाही, याचे उत्तर तपासणीच्या पद्धतीत सापडते. ट्रक तिथे रिकामा उभा असे, चाके सरळ असत आणि पेडलवर पाय नसे. या पाइपात पेडल दाबल्यावरच हवा येते, त्यामुळे उभ्या वाहनात सुई हलत नव्हती; आणि माल भरल्यावर पाटे दबून व स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवल्यावरच पाइप यू-बोल्टच्या टोकाला, म्हणजे पाटे एक्सलशी आवळून धरणाऱ्या बोल्टला, टेकत होता. भरलेला ट्रक सपाट जागेवर उभा करून, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून, एकाने पेडल दाबायचे व स्टिअरिंग वळवायचे आणि दुसऱ्याने चाकापासून सुरक्षित अंतरावरून बॅटरीच्या उजेडात पाइपाकडे पाहायचे, एवढ्या पाच मिनिटांच्या कामाने दोष डोळ्यांना दिसला. पुढे हैदराबादच्या ऑटोनगरमध्ये त्याच वर्षीच्या, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या ट्रकच्या पाइपावरही नेमका तसाच पट्टा आढळला. त्या मालकाने दोन पाइप स्वखर्चाने बदलले होते आणि आपलेच नशीब खोटे असे समजून तो गप्प बसला होता.

या अनुभवातून निघणारा पहिला धडा शब्दांचा आहे. तक्रार लिहिताना काय घडते, कधी घडते, किती माल असताना घडते आणि त्या वेळी मीटरवर किती किलोमीटर होते, या चार गोष्टी जॉब कार्डावर आल्याच पाहिजेत. ‘ब्रेक तपासणे’ या नोंदीतून पुढे काहीच सिद्ध होत नाही, ‘भरलेल्या अवस्थेत, डावीकडे वळताना पेडल दाबले असता पुढच्या डाव्या चाकापाशी हवा गळते व दाब घटतो, हीच तक्रार दुसऱ्यांदा’ ही नोंद मात्र मेकॅनिकला तपासणीची दिशा दाखवते आणि उद्या ग्राहक आयोगापुढे पुरावाही ठरते. सल्लागार असे लिहीत नसेल, तर मालकाने ते वाक्य स्वतःच्या हाताने, येत असलेल्या भाषेत, कार्डावर लिहावे, त्याखाली सही करावी, फोटो काढावा आणि मगच किल्ली द्यावी.

दुसरा धडा पुराव्याचा आहे. बदललेला भाग मागून घ्यावा. वॉरंटीतला भाग परत करावाच लागत असेल, तर त्याचे सर्व बाजूंनी फोटो काढून, भाग जमा केल्याची पावती घ्यावी. दोषाची तक्रार गेली की ‘जादा भार’ हे पहिले उत्तर बहुधा ठरलेले असते, आणि लेखकालाही तेच मिळाले. २०१८च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने एक्सलवरील भाराची मर्यादा वाढवली, तेव्हा तीन एक्सलच्या ट्रकचे एकूण अनुज्ञेय वजन २५ टनांवरून २८.५ टन झाले. आपल्या नोंदणीपत्रावर कोणता आकडा आहे तो पाहून प्रत्येक खेपेची काट्याची पावती जपली, तर या आक्षेपाला उत्तर देता येते. लेखकाच्या ट्रकचा प्रश्न सुटला तो वर्षभराच्या पावत्या, फोटो आणि लेखी पत्र एकत्र पाठवल्यानंतरच. पाइप धरून ठेवणारा क्लॅम्प दोन बोटे वर सरकवण्यात आला आणि पाइप पुन्हा घासला नाही. ज्याने क्षमतेबाहेर माल भरला असेल, त्याच्या हाती मात्र ही पावतीच नसते, आणि म्हणून खरा दोष असूनही तो हरतो.

कायद्याने मालकाच्या हाती दोन साधने दिली आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले, ज्यान्वये वाहनातील दोषामुळे चालक, प्रवासी, रस्त्यावरील अन्य लोक किंवा पर्यावरण यांना धोका असेल, तर केंद्र सरकार उत्पादकाला तशी सर्व वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते; यालाच रिकॉल म्हणतात. त्याचे नियम १ एप्रिल २०२१पासून लागू झाले आणि सक्तीने रिकॉल करावा लागल्यास १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. मेख अशी की, वाहन सात वर्षांच्या आतले असावे लागते आणि तक्रारींची संख्या ठरावीक पातळीला पोचावी लागते, जी जड वाहनांसाठी वार्षिक विक्रीच्या ३ टक्के इतकी आहे. अमेरिकेत १९६६च्या कायद्यापासून ही व्यवस्था रुजली आणि तिथे मालकांच्या तक्रारींवरूनच अनेक चौकशा सुरू होतात. आपल्याकडे नियम आला, पण रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे तक्रार नोंदवण्याची सवय अजून लागलेली नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था विक्रीपूर्वी वाहनाला मान्यता देतात हे खरे, परंतु ती मान्यता नमुन्याच्या वाहनाला असते. भरल्या मालाने हजारो किलोमीटर धावल्यावर काय होते, हे मालकच सांगू शकतो. लेखक आणि ऑटोनगरमधला तो दुसरा मालक जोवर आपापला पाइप आपापल्या खर्चाने बदलत राहिले, तोवर मोजणीच्या दृष्टीने तो दोष अस्तित्वातच नव्हता.

दुसरे साधन ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हे आहे. व्यापारी हेतूने खरेदी करणारा ग्राहक ठरत नाही, या तरतुदीमुळे ट्रकमालक आयोगाची पायरी चढायला कचरतात. परंतु स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच घेतलेल्या वस्तूला त्यातून वगळलेले आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात १९९५ साली, स्वतः चालवून पोट भरण्यासाठी ट्रक घेणारा माणूस ग्राहकच ठरतो, असे उदाहरण देऊन सांगितले आहे. ज्याच्याकडे अनेक ट्रक व पगारी चालक आहेत, त्याला हा मार्ग अवघड जातो व दिवाणी न्यायालयाचा विचार करावा लागतो. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची असते. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेला असल्यास ती जिल्हा आयोगाकडे जाते आणि आता स्वतःच्या राहत्या ठिकाणीही करता येते, म्हणजे खरेदी दुसऱ्या शहरात झाली असली तरी हैदराबादचा रहिवासी हैदराबादेतच दाद मागू शकतो. रचनेतला दोष निव्वळ शब्दांनी सिद्ध होत नसल्याने भागाची प्रयोगशाळेत तपासणी व्हावी अशी मागणी अर्जातच करावी. आरंभीचा सल्ला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मिळतो. तक्रार चालू असताना कर्जाचे हप्ते मात्र थांबवू नयेत, कारण कर्ज देणाऱ्याशी झालेला करार वेगळा असतो आणि ट्रकच ताब्यातून गेला, तर पुरावाही त्याच्याबरोबर जातो.

कागद, कायदा आणि आयोग यांच्या आधी एक कर्तव्य येते, आणि ते चालकाच्या बाबतीतले आहे. ३० ऑक्टोबर २०१३ रोजी बंगळुरूहून हैदराबादकडे येणारी बस तेव्हाच्या महबूबनगर जिल्ह्यातील पालेम येथे पुलाच्या कठड्याला धडकून पेटली आणि ४५ प्रवासी जळून मरण पावले. इंधनाच्या टाकीची जागा आणि बाहेर पडण्याचे मार्ग यांची चर्चा त्यानंतर झाली, परंतु तोवर त्या चर्चेचा त्या ४५ जणांना काही उपयोग उरला नव्हता. अपघाताआधी थांबायचे तर चालकाचेच ऐकावे लागते, कारण दोषाची चाहूल सर्वांत आधी ज्याला लागते, तो माणूस केबिनमध्ये बसलेला असतो. ब्रेक, स्टिअरिंग, चाकांचे नट किंवा वायरिंगचा जळका वास यांविषयी चालकाने शंका काढली, तर माल कितीही तातडीचा असो, ट्रक थांबवण्याचा अधिकार त्याला असला पाहिजे आणि त्या दिवसाचा त्याचा भत्ता कापला जाऊ नये. लेखकाच्या ट्रकमध्ये आता डॅशबोर्डच्या खणात एक वही असते, ज्यात चालक मराठीत, त्याच्या स्वतःच्या शब्दांत, त्या खेपेत जाणवलेली प्रत्येक गोष्ट तारीख व किलोमीटर घालून लिहितो. जॉब कार्ड भरताना ती वही सल्लागारापुढे उघडी ठेवली जाते. ‘फुस्स आवाज येतो’ हे शब्द पहिल्याच वर्षी कार्डावर जसेच्या तसे उतरले असते, तर जहीराबादच्या पुढच्या त्या वळणावर चालकाचा जीव टांगणीला लागला नसता.