सिग्नल प्रोसेसिंगचे गणित : पडद्यावर पाहा, वहीत सोडवा



डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला गेलेल्या आपल्या मुलामुलींना "कोणता विषय अडला?" असे विचारले, तर पुष्कळदा एकच उत्तर मिळते : "गणित, तेही फुरिअर-लाप्लासचे." वडील कारखान्यात, आई घरकाम करून शिवणकाम करणारी, घरात हे गणित सांगणारे कोणी नाही, आणि क्लासची फी आवाक्याबाहेरची. विषय राहिला की वर्ष वाया जाण्याची धास्ती. प्रस्तुत लेखक स्वतः या विषयात दुसऱ्या प्रयत्नात पास झाला. सूत्रे तोंडपाठ होती. पण त्या सूत्रांनी नेमके मोजायचे काय, हेच ठाऊक नव्हते.

आज परिस्थिती बदलली आहे. मोबाईलवर या विषयाचे फुकट धडे आहेत. त्यांतील काही तर असे, की पडद्यावरची पट्टी बोटाने सरकवली की लाट उंच होते, दाट होते, दोन लाटांची बेरीज डोळ्यांसमोर घडते. परंतु या धड्यांचा उपयोग कसा करावा हे नीट समजले नाही, तर तो एक सिनेमा पाहण्यासारखाच प्रकार होतो. तो होऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

१) सिग्नल म्हणजे काय?

सांगली, मिरज व कुपवाड या तीन गावांची मिळून १९९८ साली एक महानगरपालिका झाली. या विषयाची उदाहरणेही आपल्याला याच तीन गावांत सापडतात.

कुपवाडच्या एम.आय.डी.सी.तील एखाद्या कारखान्यात जा. मोटारीच्या पट्टीवर पुष्कळदा १४४० हा आकडा दिसेल. म्हणजे मिनिटाला १४४० फेरे. त्याला ६० ने भागा. सेकंदाला २४ फेरे झाले. फिरणाऱ्या भागाचा तोल बिघडला असेल, तर मोटार सेकंदाला २४ वेळा थरथरते. याला २४ हर्ट्झ म्हणतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यामुळे होणारी गुणगुण मुख्यतः १०० हर्ट्झची. बेअरिंग खराब झाले की त्याची कंपने आणखी निराळी. ही सारी कंपने एकाच घरघरीत मिसळलेली असतात. तरीही जुना फिटर स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून म्हणतो, "बेअरिंग गेलंय." तो कानाने मिसळलेले सुटे करतो. हेच काम गणिताने करणे म्हणजे सिग्नल प्रोसेसिंग.

मिरजेच्या तंबोऱ्याचेही तसेच. २०२४ साली मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची तार १२० हर्ट्झला लावली, तर तिच्यातून १२० बरोबर २४०, ३६०, ४८० असे पटीतले सूरही निघतात. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी साधली की हे वरचे सूर उमलतात. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा व वीणा यांच्या याच गुणावर संशोधन प्रसिद्ध केले होते.

मिसळलेल्या लाटेतून सुट्या लाटा काढता येतात, हा विचार फ्रेंच गणिती फुरिअर यांनी १८२२ च्या उष्णतेवरील आपल्या ग्रंथात मांडला. उष्णतेसाठी शोधलेले गणित आज मोटारीला, तंबोऱ्याला आणि मोबाईललाही लागू पडते.

२) गुणाकार-बेरजेची चाळणी

आता वही घ्या. एका सिग्नलची समान अंतराने चार मापे घेतली, ती अशी :

३, २, १, २

यात काय काय मिसळले आहे? त्यासाठी आपल्याजवळ चार चाळण्या आहेत.

स्थिर चाळणी : १, १, १, १
कोसाइन चाळणी : १, ०, उणे १, ०
साइन चाळणी : ०, १, ०, उणे १
दुप्पट वेगाची चाळणी : १, उणे १, १, उणे १

कृती एकच. माप आणि चाळणी यांचा जागच्या जागी गुणाकार करा आणि सर्वांची बेरीज घ्या.

स्थिर : ३ + २ + १ + २ = ८
कोसाइन : ३ + ० − १ + ० = २
साइन : ० + २ + ० − २ = ०
दुप्पट वेग : ३ − २ + १ − २ = ०

आता भागाकार. स्थिर चाळणीला तिनेच गुणले तर बेरीज ४ येते, म्हणून ८ ला ४ ने भागा, उत्तर २. कोसाइन चाळणीला तिनेच गुणले तर बेरीज २ येते, म्हणून २ ला २ ने भागा, उत्तर १. म्हणजे आपल्या सिग्नलमध्ये २ एवढा स्थिर भाग आणि १ उंचीची एक कोसाइन लाट आहे, बाकी काही नाही. ताळा करा : २+१, २+०, २−१, २+०. मूळची मापे परत मिळाली!

मित्रहो, पाठ्यपुस्तकातील डिस्क्रीट फुरिअर ट्रान्सफॉर्मचे ते भीतिदायक सूत्र हेच सांगते. मापे चारऐवजी १०२४ असली, तर या पद्धतीने सुमारे साडेदहा लाख गुणाकार करावे लागतात. कूली व टुकी यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या जलद रीतीने ते काम दहा हजारांच्या घरात येते. ही रीत यंत्रांत आली, म्हणून आज खिशातला मोबाईलही हे गणित क्षणात करतो.

३) मापे किती घ्यावीत?

सिनेमाचा कॅमेरा सेकंदाला २४ चित्रे घेतो. आपल्या मोटारीच्या शाफ्टवर खडूची एक खूण आहे आणि शाफ्ट सेकंदाला बरोबर २४ फेरे घेतो, अशी कल्पना करा. प्रत्येक चित्रात खूण त्याच जागी येईल. शाफ्ट थांबलेला दिसेल! वेग २३ फेऱ्यांवर आला, तर तो सेकंदाला एक फेरा उलटा फिरताना दिसेल. मापे अपुरी पडली की गणित खोटे बोलते, ते असे. म्हणून नियम असा, की सिग्नलमधील सर्वांत जलद लाटेच्या दुपटीहून अधिक मापे दर सेकंदाला घ्यावीत. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते, म्हणून गाण्याच्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मापे ठरवली गेली.

४) कोठे व कसे शिकावे?

आय.आय.टी. व भारतीय विज्ञान संस्था यांच्या एन.पी.टी.ई.एल. उपक्रमात आय.आय.टी. मुंबईचे प्रा. विक्रम गद्रे यांची या विषयावरील व्याख्याने आहेत. ती पाहण्यास पैसे पडत नाहीत. आय.आय.टी. मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सायलॅब या मोफत गणिती सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही मिळतात. हाताने हलवून पाहण्यासाठी जिओजेब्रा आहे, सरकारी व्हर्च्युअल लॅब्ज आहेत, आणि जॅक शेडलर यांचा 'सीइंग सर्कल्स, साइन्स अँड सिग्नल्स' हा चलचित्रांचा इंग्रजी धडा आहे. त्यात वर्तुळावर फिरणाऱ्या बिंदूपासून लाट कशी तयार होते, हे दिसते. इंग्रजीला बिचकू नका. आकृती पुष्कळसे सांगून जाते.

मात्र चार पथ्ये पाळा.

एक : पट्टी सरकवण्याआधी काय घडेल ते वहीत लिहा. अंदाज चुकला तर आनंद माना, कारण नेमके काय शिकायचे ते तेथे कळते.

दोन : एका वेळी एकच पट्टी हलवा. दोन हलवल्या तर कशामुळे काय झाले ते समजणार नाही.

तीन : पडद्यावर जे पाहिले, त्याचे एक छोटे उदाहरण, चार मापांचेच का होईना, हाताने सोडवा. परीक्षेच्या हॉलमध्ये पट्टी नसते, पेन असते.

चार : शिकलेले दुसऱ्याला सांगा. वस्तीत एकाच मुलाकडे चांगला मोबाईल असेल, तर रविवारी चौघांनी एकत्र बसावे. एकाने पट्टी हलवावी, तिघांनी अंदाज सांगावा.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. मापे आहेत ५, १, ३, ७. चारही चाळण्या लावा. दुप्पट वेगाच्या चाळणीलाही ४ नेच भागायचे, हे विसरू नका. आलेल्या भागांची बेरीज करून मूळची चार मापे परत मिळाली, तर उत्तर बरोबर आहे, आणि ते तपासायला कोणा मास्तरांची गरज नाही. ज्या मुलाच्या घरी विचारायला कोणी नाही, त्याच्यासाठी या गणिताचा हा मोठाच आधार आहे.