टिंब सरकलं

2017 मध्ये माझी पीएच.डी. एका पेपरपायी अडली होती. प्रबंध सादर करण्याआधी एक तरी शोधनिबंध छापून आलेला हवा, हा यूजीसीचा नियम. बऱ्या जर्नलला पाठवायचा तर वर्षभर थांबायची तयारी हवी, आणि माझी मुदत संपत आलेली. तेवढ्यात एक ईमेल आला: साडेतीन हजार रुपये, चार दिवसांत स्वीकृती. यूजीसीची यादी उघडली, जर्नल यादीत होतं. मग विचारायचं काय राहिलं? पैसे भरले. परीक्षकांचा अभिप्राय दोन शब्दांचा आला, 'गुड वर्क'.

मे 2018 मध्ये यूजीसीने यादीतून 4305 जर्नलं काढली, त्यात माझंही गेलं. तोवर पेपर ग्राह्य धरला गेला होता. पुढे प्रबंध वाङ्मयचौर्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढला तर साम्य आठ टक्के. त्याच वर्षी आलेल्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंत कारवाई नाही. मार्गदर्शक सर म्हणाले, "सुटलात."

तीन वर्षांनी एम.एस्सी.ची एक मुलगी तो पेपर घेऊन आली. "मॅडम, या एकाच शेताच्या मातीत जस्त 4.2 पीपीएम कसं?" नोंदवही काढली. तिथे 0.42 होतं. तक्ता टाइप करताना टिंब सरकलं होतं. जस्त 0.6च्या खाली गेलं की जमीन कमतरतेची धरतात. माझ्या तक्त्यात तीच जमीन भरल्या घरची झाली होती. त्यावर विसंबून कुणी झिंक सल्फेट टाकू नका असं सांगितलं असतं तर? दुरुस्ती छापा म्हणून जर्नलला लिहायला गेले, तर वेबसाइटच बंद.

सॉफ्टवेअरला हे कळणार तरी कसं! माझी चूक अस्सल होती, कुणाची उचललेली नव्हती.

सरकारने संशोधनावर लक्ष ठेवावं का? ठेवावं, पैसा लोकांचा आहे. पण सरकार मोजत बसलं: पेपर किती, टक्के किती. जे मोजलं जातं त्याचं दुकान निघतं, आणि त्या दुकानात मी गिऱ्हाईक होते. अमेरिकेत बनावट आकड्यांच्या चौकशीवर देखरेख ठेवणारं सरकारी कार्यालय आहे, निदान आरोग्य-संशोधनापुरतं. आपल्याकडे असं काही हवंच. पण प्रामाणिक चूक तिथेही गैरवर्तनात धरत नाहीत. ती पकडायला कुणीतरी तक्ता वाचावा लागतो.

2022 मध्ये पेपरची सक्ती गेली, 2025 मध्ये यूजीसीची 'केअर' नावाची नवी जर्नल-यादीही गेली. आता यादीकडे बोट दाखवून सुटता येणार नाही. जर्नलचे जुने दोन-तीन पेपर नीट वाचा. संपादक मंडळातल्या एखाद्याला थेट लिहून विचारा, तुम्ही खरंच तिथे आहात का; काहींना आपलं नाव छापलंय हेच माहीत नसतं. परीक्षकाने एकही प्रश्न विचारला नाही तर खूश होऊ नका, पेपर परत घ्या. आणि मूळ नोंदवही, मशीनचे प्रिंटआउट पदवी मिळाली म्हणून रद्दीत घालू नका.

ती मुलगी आता माझे तक्ते मोठ्याने वाचते, मी वहीशी ताडून बघते. जुनी दुरुस्ती कुठे छापायची, हे मात्र अजून मला कुणी सांगू शकलेलं नाही.