रात्रीच्या आकाशातील वाटसरू



दर वर्षी दोन वेळा, शरद ऋतूत व वसंत ऋतूत, सुमारे ५० कोटी पक्षी इस्रायलवरून जातात. युरोप, आशिया आणि आफ्रिका या तीन खंडांचा सांधा येथे असल्यामुळे हाच त्यांचा राजमार्ग होय. करकोचे, पाणकोळी व गरुड दिवसा जातात, कारण उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेवर त्यांना तरंगावयाचे असते. ते सर्वांना दिसतात. परंतु वटवट्या, माशीमार, कस्तूर, थिरथिरा, लावा असे लहान पक्षी बहुतेक रात्री प्रवास करतात, आणि आपण त्या वेळी झोपलेले असतो. आजचा पाठ त्यांच्याविषयी आहे.

रात्रच का?

हे पक्षी सतत पंख मारीत उडतात. त्यामुळे अंगात उष्णता वाढते. रात्रीची हवा थंड व शांत असते, म्हणून शरीर तापत नाही व पाणीही कमी खर्च होते. शिवाय ससाण्यासारखे शिकारी बहुधा रात्री विसावलेले असतात, आणि दिवस दाणे-किडे टिपण्यास मोकळा राहतो.

दिशा कशी कळते? अमेरिकेतील स्टीफन एम्लेन यांनी पिलांना तारांगणात वाढविले आणि खोटे आकाश ध्रुवाऐवजी मृग नक्षत्रातील तांबड्या ताऱ्याभोवती फिरविले. मोठी झाल्यावर त्या पक्ष्यांनी त्याच ताऱ्याला उत्तर मानले. हा प्रयोग १९७० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ताऱ्यांचा नकाशा पक्षी जन्मतः घेऊन येत नाही. आकाश कशाभोवती फिरते हे तो लहानपणी पाहून शिकतो. आकाश झाकलेले असले तर पृथ्वीचे चुंबकत्वही त्याच्या मदतीस येते.

आपल्या तोराहमध्येही या प्रवासाची खूण आहे. निर्गमाच्या १६ व्या अध्यायात लावे संध्याकाळी येतात, आणि गणनेच्या ११ व्या अध्यायात वारा त्यांना समुद्राकडून आणतो. आजही सप्टेंबरात लावे रात्रीतून भूमध्य समुद्र ओलांडतात आणि सिनाईच्या किनाऱ्यावर थकून उतरतात.

कानांनी ऐकणे

रहदारीपासून दूर, गच्चीवर किंवा मोकळ्या शेतात बसावे. सूर्यास्तानंतर दोन तासांनी, आणि पुन्हा पहाटेपूर्वी ऐकावे. ढग खाली आले असता पक्षीही खालून उडतात व अधिक बोलतात. कस्तुराचा बारीक "त्सिप", रातबगळ्याचा "क्वाक" आणि क्रौंचांचा तुतारीसारखा आवाज ओळखण्यास सोपे. क्रौंच म्हणजे नातवंडांचा "अगूर"; हिवाळ्यात हुला खोऱ्यात ते हजारोंनी असतात. अमेरिकेत ऑरिन लिबी यांनी १८९६ साली एका रात्री ३,८०० हाका मोजल्या होत्या, त्याही केवळ कानांनी. मात्र आपल्याकडील वटवट्या व माशीमार उडताना बहुधा मुके असतात. म्हणून शांतता म्हणजे रिकामे आकाश असे समजू नये.

डोळ्यांनी पाहणे

पौर्णिमेच्या आसपास दुर्बीण स्टँडवर बसवून चंद्रावर रोखावी. चंद्रबिंबावरून सरळ रेषेत झरकन जाणारा काळा ठिपका म्हणजे पक्षी. वटवाघूळ वेडेवाकडे जाते. जवळचा किडा अस्पष्ट दिसतो. बिंब म्हणजे घड्याळाची तबकडी समजून पक्षी कोणत्या आकड्यापाशी शिरला व कोणत्या आकड्यापाशी निघाला ते लिहावे. त्यावरून दिशा काढता येते. अमेरिकेत जॉर्ज लोवरी यांनी याच रीतीने १९५२ च्या ऑक्टोबरात देशभर मोजणी करविली.

आपली सोय तर पंचांगातच आहे. सुक्कोथ १५ तिश्रीला आणि पेसाह १५ निसानला सुरू होतो. दोन्ही पौर्णिमा, आणि दोन्ही पक्ष्यांच्या प्रवासाच्या भर हंगामात! सणाच्या मधल्या दिवसांतील पहिल्या दोन-तीन रात्री या कामी उत्तम.

रडार आणि दिवे

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात रडारवर अनोळखी ठिपके दिसत. त्यांना लोक "देवदूत" म्हणू लागले. १९४५ साली डेव्हिड लॅक व जॉर्ज व्हार्ली यांनी रडार पक्ष्यांना टिपते हे दाखविले. आपल्याकडे लात्रून येथे मोल्दोव्हाहून आलेले लिओनिद दिनेविच यांनी सोव्हिएत बनावटीच्या हवामान-रडारवर पक्ष्यांचे थवे ओळखले. एक पक्षी वेगवान विमानास धडकला तर वैमानिकाच्या जिवाशी गाठ असते. म्हणून अशी माहिती हवाई दलाच्याही उपयोगाची आहे.

परंतु पक्ष्याच्या जिवाचे काय? उंच इमारतींच्या झगझगीत दिव्यांनी तो भुलतो, घिरट्या घालून थकतो आणि काचेवर आपटून मरतो. आफ्रिकेहून वाळवंट ओलांडून आलेला, दहा-पंधरा ग्रॅम वजनाचा जीव आपल्या जिन्याच्या बिनकामाच्या दिव्यापायी मरावा, हे बरे नव्हे. यिर्मया ८:७ मध्ये संदेष्टा पक्ष्यांचे उदाहरण देतो, कारण ते आपला नेमलेला काळ पाळतात. त्यांनी काळ पाळावा आणि आपण साधे बटणही बंद करू नये काय?

स्वाध्याय

१. तीन रात्री प्रत्येकी अर्धा तास ऐका. हाका, वारा व ढग यांची नोंद करा.
२. नातवंडांकडून पाच पक्ष्यांची हिब्रू नावे शिका व त्यांना मराठी नावे शिकवा. वही एकच ठेवा.
३. मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांत रात्री दहानंतर गच्चीचे व जिन्याचे अनावश्यक दिवे बंद ठेवण्याविषयी इमारतीच्या बैठकीत बोला.