बेडकांचे माहेर

वैशाखातील उन्हाने वाशीम जिल्ह्यातील काळी जमीन भेगाळते. ओढे कोरडे पडतात. गावाजवळच्या सखल जागी धुळीवाचून काही दिसत नाही. अशा ठिकाणी बेडूक असतील, हे कोणास खरे वाटणार नाही. पण ते असतात. ओलसर मातीत, बांधाच्या बिळात ते निश्चल पडून राहतात. या विश्रांतीस ग्रीष्मनिद्रा म्हणतात.

मृगाचा दमदार पाऊस कोसळतो आणि एका रात्रीत चित्र पालटते. सखल जागी डबके साचते व ‘डराँव डराँव’ असा घोष सुरू होतो. एरवी मातकट हिरवा दिसणारा बैलबेडूक या दिवसांत पिकल्या लिंबासारखा पिवळा होतो. त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंस निळ्या पिशव्या फुगतात. ही शोभा आणि हा आवाज नराचाच; मादीला बोलावण्यासाठी.

मादी उथळ पाण्यात शेकडो अंडी घालते. त्यांतून शेपटीची, माशासारखी पिल्ले बाहेर येतात. त्यांस भैकेर म्हणतात. ती कल्ल्यांनी श्वास घेतात. पुढे त्यांना मागचे पाय फुटतात, मग पुढचे. शेपूट जिरून जाते आणि फुप्फुसे काम करू लागतात. डबके आटण्यापूर्वी हे सारे पुरे व्हावे लागते.

मग बेडूक भरलेल्या तळ्यात का जात नाहीत? तळ्यात मासे असतात. ते अंडी व पिल्ले गट्ट करतात. उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्यात मासे टिकत नाहीत. जे डबके माणसास निरुपयोगी वाटते, तेच बेडकांचे माहेर होय.

बेडूक पिकांवरील किडे खातो. धामण, बगळा यांचे पोट त्याच्यावर भरते. एके काळी बेडकांचे पाय परदेशी विकले जात. १९८७ साली भारत सरकारने या निर्यातीवर बंदी घातली. आज संकट निराळे आहे. मुरूम टाकून डबकी बुजविली जातात. शेतात फवारलेले विष पाण्यात उतरते आणि बेडकाच्या पातळ, ओल्या त्वचेतून त्याच्या अंगात भिनते.

पकडणाऱ्याचा हात कायदा थांबवू शकतो. परंतु बुजलेले डबके कायदा पुन्हा भरून देत नाही. ते राखणे गावाच्याच हाती असते. ज्या गावाने पावसाळी पाण्यासाठी एक सखल जागा मोकळी ठेवली, त्या गावाला मृगाच्या पहिल्या रात्री तिचे उत्तर ऐकू येते.